चार तासांची रेष

लोकलमध्ये रेंज जात असेल, हेडफोन घरी राहिला असेल किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडत असेल, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत.

वसईतला माणूस इतिहासावर बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटतं, आला आता १७३९ वर, चिमाजी अप्पांवर आणि किल्ल्यावर. आज किल्ला नाही. आज एक चिठ्ठी आहे.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या नालासोपाऱ्याच्या घरी कपाट आवरताना ताईची जुनी फाइल सापडली, २०१७ ची. त्यात सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट आणि मधेच घडी घातलेली एक चिठ्ठी. त्यावर ताईचं नाव, वय, पुढच्या उपचारांसाठी पाठवत आहोत अशा अर्थाची एक ओळ आणि खाली सही. बस, एवढंच.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. त्यामुळे चिठ्ठीत काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही तेच मला आधी दिसलं. चिठ्ठीवर वेळ नव्हती. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, बीपी किती होतं, कुठलं इंजेक्शन दिलं, बाळाचे ठोके कसे होते, यातलं काहीच नव्हतं. आमच्या ऑफिसात टाइमस्टॅम्प नसलेला लॉग कोणी लिहिला तर तो रिव्ह्यूमधूनच परत येतो. इथे त्या कागदावर दोन जीव होते.

त्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगतो. ठिकाणांची नावं घेणार नाही, कारण आजचा विषय कोणा एकाची चूक हा नाही. ताईला रात्री कळा सुरू झाल्या म्हणून जवळच दाखल केलं. सकाळी सांगितलं, "बाळ अडलंय, पुढे न्या." कुठे? तर मुंबईला. गाडी केली. हायवेला वर्सोवा पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली. रस्त्याने मुंबईकडे जायचं तर वसईची खाडी ओलांडायला हाच पूल. पहिल्या मोठ्या रुग्णालयात पोचलो तर बाळाच्या कक्षात जागा नाही. मग दुसरं. तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कळा कधीपासून?" आई म्हणाली बारापासून, भाऊजी म्हणाले दोनपासून, आणि मी गप्प. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि हातात ती चिठ्ठी होती.

भाचा जन्मला तेव्हा लगेच रडला नाही. अकरा दिवस काचेच्या पेटीत होता. आज तो शाळेत जातो, माझा फोन पळवतो, मस्त आहे. फक्त उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं. त्या सकाळचाच हा परिणाम आहे का, हे खात्रीने सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात. मामाचा पॉडकास्ट तो डाव्या कानाला इअरफोन लावून ऐकतो.

ती चिठ्ठी सापडल्यापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. बाळंत होणाऱ्या बाईला एका जागेवरून दुसऱ्या जागी "पुढे पाठवणं" ही गोष्ट आली कुठून? आणि ती नीट करायची कशी, हे कोणी शोधून काढलंय का? शोधलंय. त्याचाच हा इतिहास.

पणजीची सुईण, व्हिएन्नाचे डॉक्टर

आमची पणजी रत्नागिरीकडची. तिची सगळी बाळंतपणं घरात, सुईणीच्या हातची. पुढे पाठवायला "पुढे" असं काही नव्हतंच. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असं आपल्याकडे म्हणतात, ते कौतुकाने नाही. पहिला जन्म संपण्याची शक्यता खरीच होती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यातला अंदाज होता की बाळंतपणाशी संबंधित कारणांनी दर वर्षी सुमारे २ लाख बायका मरतात. हे भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रं ही याच अहवालाची देणगी.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ आहे, सगळ्यांनी दवाखान्यात जायचं. पण दवाखाना म्हणजे आपोआप सुरक्षित, असं इतिहास सांगत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दोन प्रसूती कक्ष होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या कक्षात शंभरातल्या दहाच्या आसपास बायका बाळंतज्वराने जात, सुईणींच्या कक्षात चारपेक्षा कमी. बायका अक्षरशः विनवण्या करत, आम्हाला सुईणींकडे पाठवा म्हणून. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की हे लोक शवविच्छेदन करून तसेच प्रसूती कक्षात येतात. त्याने दारातच क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू शंभरी एक-दोनवर आले. वरिष्ठांना मात्र आपलेच हात दोषी आहेत हे पटलं नाही. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला.

त्याच १८६५ मध्ये पुण्यात एक मुलगी जन्मली, यमुना. लग्नानंतर आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्या दहा दिवसांतून तिचं डॉक्टर होणं आलं. १८८६ मध्ये ती पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाली आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपण तिला "पहिली महिला डॉक्टर" म्हणून पाठ करतो आणि ते दहा दिवस विसरतो. परत आल्यावर तिची नेमणूक कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर झाली होती, पण ती क्षयाने १८८७ मध्येच गेली. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, मुंबईत बायका-मुलांसाठी आणि बाई डॉक्टरांच्या हाताखाली चालणारं कामा हॉस्पिटल सुरू झालं होतं.

आणि आमच्या लाइनवाल्यांसाठी खास माहिती. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. ही तारीख लक्षात ठेवा. रेल्वे आधी आली, रुग्णालयं नंतर, आणि हा क्रम पुढेही तसाच राहिला.

आजी चालत गेली

आजोबा लालबागला मिलमध्ये. माझ्या बाबांचा जन्म परळच्या वाडिया प्रसूती रुग्णालयात, १९६१ चा. आजी अजून सांगते, "पोटात दुखायला लागलं तशी चालत गेले. वाटेत दोनदा थांबले, सासूबाई सोबत होत्या." चाळीपासून वाडिया जेमतेम एक-सव्वा किलोमीटर.

हे योगायोगाने झालेलं नाही. नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय १९२६ मध्ये परळला उभं राहिलं ते गिरणगावातल्या बायकांसाठी, म्हणजे बायका राहत होत्या तिथे. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून मुंबई विधिमंडळात विधेयक आलं, तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला असा पहिला कायदा.

म्हणजे आजीच्या त्या एक किलोमीटरमागे देणगी, कायदा आणि शहराची आखणी असं बरंच काही होतं. तिला फक्त चालायचं होतं.

मग १९८२ चा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंत, आणि संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. पुढच्या पंधरा वर्षांत चाळीतली किती घरं नालासोपारा-विरारला आली, ते तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आम्हीही आलो. परवडेल असं घर लोकलच्या शेवटच्या टोकाला होतं. स्वतःची खोली मिळाली, संडास घरात आला, आई खूश. पण कोणाच्या लक्षात आलं नाही की आमचं घर वाडियापासून एक किलोमीटरवरून पंचेचाळीस किलोमीटरवर गेलंय.

आजीला जे चालत जमलं, ते ताईला गाडीतून जमलं नाही. आमच्या घरातल्या तीन बाळंतपणांचा हा सगळा हिशोब आहे.

शहर वाढत गेलं. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून ३ जुलै २००९ ला वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाखांवर होती. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. जुन्या वसईतलं सर डी. एम. पेटिट रुग्णालय, नालासोपारा पूर्वेचं तुळींजचं रुग्णालय आणि माता-बालसंगोपन केंद्रं पालिकेकडे आहेत. पण मेडिकल कॉलेजवाली मोठी सरकारी रुग्णालयं, म्हणजे केईएम, सायन, नायर, कूपर, ही सगळी खाडीच्या पलीकडे. तिकडे जव्हार-मोखाड्याचं आणखी वेगळं. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातून पुढे म्हटलं की अनेकदा घाट चढून नाशिक.

रेष

आता मुख्य गोष्ट. ही मला कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

१९७२ साल. आफ्रिकेतला ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे. दूरदूरची छोटी प्रसूती केंद्रं सुईणी आणि नर्स चालवतात. डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. वाटतंय ना ओळखीचं? तिथल्या फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांपुढे प्रश्न होता: छोट्या केंद्रातल्या सिस्टरला कसं कळणार की ही बाई इथे सुखरूप बाळंत होईल आणि हिला मात्र आता हलवायला हवं?

त्यांनी बाळंतपणाचा आलेख घेतला. आडवा अक्ष वेळ, उभा अक्ष गर्भाशयाचं तोंड किती सेंटीमीटर उघडलंय ते. त्यावर एक तिरकी रेष मारली. ताशी एक सेंटीमीटर या गतीची ही सावधानतेची रेष. बाईचा आलेख हिच्या उजवीकडे सरकायला लागला, की प्रगती मंद आहे, पाठवायची तयारी करा. आणि तिच्यापुढे चार तासांवर दुसरी रेष मारली, कृतीची रेष. इथे पोचेपर्यंत बाई अशा जागी असली पाहिजे जिथे उपाय करता येतो.

चार तासच का? तर बाईला छोट्या केंद्रातून मोठ्या रुग्णालयात न्यायला वेळ लागतो म्हणून! म्हणजे प्रवासाचा वेळ धरूनच तो आलेख आखलेला आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर पडल्यावर वाजणारा अलार्म नाही हा. पडायच्या चार तास आधी वाजणारा आहे, कारण दुरुस्त करणारा माणूस दूर राहतो हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय.

या तक्त्याला पार्टोग्राफ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने तो आग्नेय आशियात पस्तीस हजारांहून जास्त बायकांवर तपासला. १९९४ मध्ये निकाल आला. लांबलेली बाळंतपणं आणि जंतुसंसर्ग, दोन्ही कमी झाले. आपल्याकडेही सरकारी प्रसूती कक्षात तो भरायचा असतो. २०२० मध्ये संघटनेने हा तक्ता बदलला, कारण प्रत्येक बाईचं शरीर ताशी एक सेंटीमीटरच्या हिशोबाने चालत नाही, आणि घाई केली तर विनाकारण सिझर वाढतात. रेष बदलली. वेळ लिहायची, बघायची आणि वेळेत ठरवायचं, हे तसंच राहिलं.

त्याच १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोघींनी आणखी एक गोष्ट मांडली. आई दगावते ती तीन उशिरांमुळे. पहिला उशीर घरात, जायचं की नाही हे ठरवण्याचा. दुसरा रस्त्यातला. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर खरे उपचार मिळण्याचा.

आता ताईची रात्र यात टाकून बघा. घरात उशीर? नाही, आम्ही तासाभरात दाखल केलं. रस्त्यात? झाला, पुलावर. दवाखान्यात? झाला, आणि तोही दोनदा. एकदा "पुढे न्या" हे ठरवण्यात, एकदा "इथे जागा नाही" हे कळण्यात. तिसरा उशीर एका इमारतीत होतो असं आपण धरतो. आमच्या बाबतीत तो दोन इमारतींच्या मधल्या सांध्यात झाला, जिथे कोणाचीच ड्युटी नव्हती.

सायन आणि बाहेरचं जग

हा सांधा आपल्याकडे कोणी ओळखला, तर त्यासाठी सायनला जावं लागतं. पालिकेचं लोकमान्य टिळक रुग्णालय, शेजारी धारावी. तिथे नवजात बाळांच्या विभागात डॉ. अर्मिडा फर्नांडिस काम करत होत्या. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं जंतुसंसर्गाने जात होती. महागडी यंत्रं नव्हती. त्यांनी बाटली आणि पावडरचं दूध बंद करून आईच्या दुधावर भर दिला आणि बाहेर ताटकळणाऱ्या आयांना बाळाच्या सेवेत सामील करून घेतलं. ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी १९८९ मध्ये सायनला मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली पहिली! सरकारी रुग्णालयात, बरं का.

त्यामागचा विचार जगात दुसरीकडेही सिद्ध झाला होता. कोलंबियात बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरत नव्हते, तेव्हा १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. तीच "कांगारू" पद्धत. २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं रुग्णालयही होतं, जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्यावर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले.

पण विभागात कितीही सुधारणा केली तरी बाळं उशिराच येत होती, आधीच थंड पडलेली, आधीच निळी. म्हणून १९९९ मध्ये डॉ. फर्नांडिस यांनी रुग्णालयाबाहेर काम करणारी "स्नेहा" ही संस्था सुरू केली. तेच वर्ष गडचिरोलीचंही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च"चा अभ्यास "लॅन्सेट"मध्ये आला. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तर ३९ गावांत बालमृत्यू हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले होते. हे आकडे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात, त्याचं मूळ तिथे आहे.

मुंबईत मात्र गडचिरोलीचं उत्तर चालेलच असं नव्हतं, आणि हा भाग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. स्नेहाने वस्त्यांमध्ये बायकांचे गट केले, बैठका घेतल्या, माहिती दिली. ४८ वस्त्या निवडून, निम्म्यांत काम करून, निम्म्यांत न करून तुलना केली. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: नवजात बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यांनी तो लपवला नाही. शहरातल्या बहुतेक बायका आधीच दवाखान्यात बाळंत होत होत्या. त्यांना "दवाखान्यात जा" सांगून काय होणार? माहिती कमी नव्हती. कमी होतं ते दवाखान्यात आणि दोन दवाखान्यांच्या मधे.

त्यामुळे कामाचा दुसरा धागा महत्त्वाचा ठरला. पालिकेच्या आरोग्य यंत्रणेबरोबर बसून साध्या गोष्टी ठरवायच्या. छोट्या प्रसूतिगृहात कोणती बाई बाळंत होऊ द्यायची, कोणत्या लक्षणांवर पुढे पाठवायचं, कोणत्या केंद्रातून कोणत्या रुग्णालयात. चिठ्ठीवर काय काय लिहायचं. आधी फोन करायचा. आणि वरच्या रुग्णालयाने खालच्याला उलट कळवायचं की तुम्ही पाठवलेल्या बाईचं पुढे काय झालं. मुंबईत सुरू झालेलं हे काम नंतर आजूबाजूच्या महापालिकांपर्यंत गेलं, त्यात आपली वसई-विरारही.

ऐकायला किती कंटाळवाणं आहे ना? नवीन इमारत नाही, फीत कापणं नाही. फॉर्म, फोन नंबर, महिन्याची मीटिंग. पण मी रोज तेच काम करतो म्हणून सांगतो, मोठ्या सिस्टिम बहुतेक वेळा सांध्यातच तुटतात. आमच्याकडे शिफ्ट संपताना हँडओव्हर नोट लिहिल्याशिवाय कोणी उठत नाही. आणि तिथे जास्तीत जास्त काय होतं, तर कोणाचं पेमेंट अडकतं.

आपल्या हातात काय

आकडे बघितले तर महाराष्ट्राने मोठा पल्ला गाठलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राज्यातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये जवळपास ९५ टक्के. २०१८-२० मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. पणजीच्या काळाशी तुलनाच नाही. पण पहिला उशीर मोडून काढला की दुसरा आणि तिसरा उरतो. आता लढाई तिथे आहे. २०१७ च्या शेवटी केंद्राने "लक्ष्य" कार्यक्रम सुरू केला तो याचसाठी, सरकारी प्रसूती कक्षाचाच दर्जा सुधारायला.

तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर तीन गोष्टी. हा डॉक्टरी सल्ला नाही, भावाचा सल्ला आहे.

एक. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं मोफत आहेत. घरून दवाखान्यात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी नेणारी गाडीसुद्धा मोफत. १०२ आणि १०८ हे नंबर फोनमध्ये आत्ताच टाका. आम्ही त्या सकाळी भाड्याची गाडी शोधत होतो, कारण आम्हाला हे माहीत नव्हतं.

दोन. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांमध्ये गरोदर बायकांची खास तपासणी असते. जोखीम आधी कळली तर "कुठे न्यायचं" हा प्रश्न रात्री दोनला पडत नाही, दुपारी चहा पिताना सुटतो.

तीन. पुढे पाठवलं, तर चिठ्ठीवर वेळ लिहून मागा. भांडू नका. तिथली सिस्टर एकटी तीन खाटा सांभाळत असते. नम्रपणे म्हणा, "सिस्टर, कळा कधीपासून, कुठलं इंजेक्शन दिलं, तेवढं लिहून देता का? आणि तिकडे एक फोन करता का?" आणि स्वतःच्या फोनमध्येही वेळा टिपत राहा. फोन तुमच्या हातात असतोच, रील बघायला.

शेवटचं. गेल्या वर्षी ताईच्या जावेला आमच्याच भागातून पुढे पाठवलं. बीपी वाढलं होतं. मी ऑफिसातून धावतपळत स्टेशन गाठलं, डोक्यात २०१७. पोचलो तेव्हा सगळे निवांत. सिस्टरने आधी फोन केला होता, तिकडे खाट ठेवलेली होती, ॲम्ब्युलन्स थेट दारात. सिझर झालं, मुलगी झाली, सव्वादोन किलोची. सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

भाऊजींनी मला फाइल धरायला दिली, तेव्हा मी सवयीने चिठ्ठी काढून बघितली. दोन्ही बाजूंनी भरलेली, अक्षर गिचमिड. उजव्या कोपऱ्यात, तारखेखाली: सकाळी ९.४०.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. घरी आजीला नाहीतर आईला विचारा, "मी कुठे जन्मलो? तिथे कसे पोचलात?" किती अंतर, कशाने गेलात, किती वाजता. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. वसई-विरारच्या इतिहासाची ही पानं कुठल्याच बखरीत मिळणार नाहीत. पुढच्या भागात भेटूच.